थोरलीचं आजारपण

थोरलीला काहीही झालेलं नव्हतं, आणि वजनमाप्यांचं सगळं दुखणं तेच होतं.

थोरली म्हणजे त्यांची गाडी. उंच, चौकोनी, चारही चाकांना जोर देणारी. डोंगर चढावा, नदीपात्र ओलांडावं अशा बेताने कारखान्यात जन्माला आलेली. पण नशिबात घर, कचेरी, भाजीबाजार आणि पुन्हा घर एवढंच आलं. चार चाकांना जोर देणारा तो छोटा दांडा वजनमाप्यांनी आजवर फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरता हलवला होता. रंग एके काळी हिरवा होता. दार लावायचं तर आधी किंचित उचलावं लागे, मग ओढावं लागे, आणि मग 'नीट लागलं नाही' म्हणून पुन्हा उघडावं लागे. पण किल्ली फिरवली की सुरू. थंडी असो, पाऊस असो, महिनाभर हात लावलेला नसो, पहिल्या किल्लीला सुरू. असं निरोगी म्हातारपण माणसांनाही लाभत नाही.

'वजनमापे' हे आडनाव नव्हे. हे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजन बुडाशी कोरून हलकं केलंय का ते बघायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा आणि खोटं जप्त करायचं, हे त्यांचं काम. खरं आडनाव इमारतीत कोणाला आठवत नव्हतं. वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना ते वाटीवरून बोट फिरवून सपाट करत आणि मग वर चिमूटभर जास्त टाकत. इमारतीत दोघांचं वाजलं की दोन्ही बाजू म्हणत, "वजनमाप्यांना विचारा, ते खोटं सांगायचे नाहीत." हे ऐकून त्यांना बरं वाटे. जरा जास्तच बरं वाटे, पण ते असो.

बायको वाचनालयात होती. फाटकी पुस्तकं शिवून, चिकटवून, पुठ्ठा चढवून पुन्हा कपाटात उभी करण्यात तिचा हातखंडा होता, आणि घरातही तिचा एकच कायदा होता: चालतंय तोवर बदलायचं नाही. फ्रीजचं दार पट्ट्याने बांधलेलं होतं. मिक्सर सुरू करायला उलथन्याची दांडी लागे. लग्नात आलेला पंखा अजून फिरत होता. वारा देत नव्हता, पण कायद्यात फिरण्याची अट होती, वाऱ्याची नव्हती. वजनमापे स्वतः या कायद्याचे कौतुकाने दाखले देत, कारण त्यांना आजवर दुसरं काही हवंसंच वाटलं नव्हतं.

मग एक दिवस ते नव्या गाड्यांच्या दुकानात शिरले. 'नुसतं बघायला' शिरले. जगातली निम्मी संकटं नुसतं बघायला गेल्यामुळे येतात. तिथल्या कोट घातलेल्या मुलीने त्यांना एका नव्या गाडीत बसवलं. तीही चारही चाकांना जोर देणारी, पण दांड्याऐवजी एक गोल बटण. वजनमापे उतरायला लागले, तेवढ्यात त्यांची खुर्ची आपण होऊन हळूच मागे सरकली. त्यांना उतरायला जागा मिळावी म्हणून. इतक्या अदबीने त्यांच्यासाठी आयुष्यात कोणी मागे सरकलं नव्हतं. कचेरीत तर नाहीच.

"सध्या कुठली गाडी आहे सर?" मुलीने विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"अय्या! माझ्या आजोबांकडे होती," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत त्यांनी तीन वेळा आरशात स्वतःचे केस पाहिले. रात्री जेवताना सहज सुचल्यासारखं म्हणाले, "थोरलीचा आवाज हल्ली वेगळाच येतोय, नाही?"

"मला नाही आला," बायको म्हणाली. "काय झालंय तिला?"

काही झालं नव्हतं. तिथेच घोडं पेंड खात होतं. 'मला नवी गाडी हवी आहे' हे पाच शब्दांचं वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. आयुष्यभर काही मागितलं नाही, हाच ज्याचा मोठेपणा, त्याने मागायचं कोणत्या तोंडाने? त्यापेक्षा थोरलीनेच आपण होऊन मान टाकली असती तर सगळं सभ्यपणे झालं असतं. म्हणून त्यांनी वाट पाहिली. खड्डे चुकवायचं सोडून दिलं. सर्व्हिसिंग टाळलं. तेल बदललं नाही. थोरलीचा आवाज उलट सुधारला. शेवटी भीष्माला इच्छामरण असतं, गाडीला नसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी जरा हात लावायचं ठरवलं.

स्टिअरिंगच्या खाली एक काळी डबी होती. एकदा हॉर्न बंद पडला होता तेव्हा मेकॅनिकने तिथून एक फ्यूज काढून दुसरा बसवलेला त्यांनी पाहिला होता. डबीच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते चित्र होतं. रविवारी सकाळी बायको पिशव्या घेऊन खाली यायच्या आत त्यांनी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज ओढून काढला. नखाएवढा निळा तुकडा. तो नसला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. गाडी नुसती खर्र खर्र करते, पेट घेत नाही. तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. बेत साधा होता. बाजारात जायचा दिवस, कोणाचं काही अडणार नाही. बायकोच्या डोळ्यांदेखत थोरली एकदा बंद पडेल, आपण उसासा टाकू, ती म्हणेल 'आता बदलूच', आणि मग फ्यूज गुपचूप जागेवर.

बायको येऊन बसली. त्यांनी किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र.

"गेली वाटतं," ते म्हणाले. दाढी करताना आरशासमोर तालीम केलेला चेहरा त्यांनी लगेच धारण केला.

"गेली काय लगेच? आत्ता तर किल्ली फिरवलीत. पुन्हा फिरवा."

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा खर्र खर्र. आणि हा आवाज, जो इमारतीने आजवर कधी ऐकलाच नव्हता, ऐकून वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी वजनमाप्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. थोरली त्यांच्या नावावर असली तरी ती सगळ्या इमारतीची होती. कोणाचं कपाट आणायचं, कोणाचं बाळंतपण, कोणाची परीक्षा, कोणाची पहाटेची गाडी, सगळीकडे थोरली. त्यामुळे थोरली बसली म्हणताच माणसं चप्पल घालायला न थांबता खाली आली.

सर्वांत आधी आले दुसऱ्या मजल्यावरचे व्हिडिओवाले. हे गृहस्थ कुठल्याही कामाआधी फोनवर त्याचा व्हिडिओ बघत. नळ गळण्यापासून कान दुखण्यापर्यंत सगळं त्यांनी पाहिलेलं होतं, केलेलं काहीच नव्हतं. "बॅटरीवर गरम पाणी ओता," ते म्हणाले. मग फोन जवळ धरून म्हणाले, "ओतू नका, ओतू नका. हे 'काय करू नये'मध्ये आहे." त्यांच्या मागून सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी थोरलीकडे नाही, तिच्याखालच्या जागेकडे पाहिलं. "गाडी बंद आहे का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे अधिकृतरीत्या बंद आहे, की नुसतीच सुरू होत नाहीये? कारण नियमात फरक आहे."

आणि शेवटी तळमजल्यावरचे हेडसर आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही ते अंगणात आले की मोठी माणसं सिगारेट विझवत. थोरलीवर त्यांचा विशेष जीव. त्यांच्या पत्नीला अखेरच्या आजारात दवाखान्यात नेणं-आणणं थोरलीनेच केलं होतं.

"सर्वांनी मागे या," हेडसर म्हणाले. "ढकलून सुरू होईल. वजनमापे, दुसरा गियर. मी तीन म्हणालो की ढकलायचं."

"सर, राहू द्या हो," वजनमापे खिडकीतून म्हणाले. "म्हातारी झालीय बिचारी. कशाला तिला त्रास?"

"म्हातारा मीही आहे," हेडसर म्हणाले. "मला कोणी टाकून दिलं का?"

फ्यूज खिशात असताना गाडी ढकलून सुरू होणं म्हणजे तेल नसलेला दिवा फुंकर घालून पेटवणं. हे तिथे एकट्या वजनमाप्यांना माहीत होतं, आणि ते स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. मागून सगळी इमारत जोर लावत होती. थोरली फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बायकोही पदर खोचून ढकलत होती. तिसऱ्या खेपेला हेडसर "तीन!" म्हणाले आणि पुढचा आवाज गाडीचा नव्हता.

त्यांच्या कमरेत लचक भरली होती. वाकलेले हेडसर वाकलेलेच राहिले. चेहरा पांढरा झाला.

"दवाखाना!" कोणीतरी ओरडलं, आणि सवयीने सगळे थोरलीकडे वळले. मग सगळ्यांना आठवलं, आणि सगळे थांबले.

वजनमाप्यांचा हात खिशावर गेला. निळा तुकडा बोटांना लागला. डबीत टाकायचा, किल्ली फिरवायची, थोरली सुरू. पण थोरलीभोवती पंधरावीस माणसं, दारापाशी बायको, गाडीच्या खिडकीतून डोकावणारे व्हिडिओवाले. आणि दोन तास बंद असलेली गाडी आत्ताच कशी सुरू झाली याचं उत्तर कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला. त्या हाताने मग त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय धरला. चौघांनी हेडसरांना खुर्चीसकट उचलून फाटकापाशी नेलं, आणि टॅक्सी येईपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले.

"वाईट वाटून घेऊ नका," हेडसर दात आवळून म्हणाले. "थोरली धड असती तर मला एव्हाना पोचवलं असतं तिने. तिचा काय दोष?"

"काहीच नाही सर," वजनमापे म्हणाले. आयुष्यात त्यांनी एवढं खरं वाक्य क्वचित उच्चारलं असेल.

दवाखान्यातून परतायला संध्याकाळ झाली. हेडसरांना कमरेचा पट्टा आणि सक्तीची विश्रांती मिळाली. वजनमाप्यांना थोरलीपाशी एकांत मिळेना. कोणी ना कोणी तिच्याजवळ उभं असे, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं. एका बाईंनी तर बॉनेटवर हात फिरवला. वर सेक्रेटरींची चिठ्ठी दाराखालून आली: बंद वाहन आवारात ठेवता येत नाही, तरी ते हलवावं. वजनमाप्यांनी नव्या गाडीच्या दुकानात फोन केला, की जुनी घेऊन जाता का म्हणून. कोटातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "घेऊ ना सर! फक्त ती स्वतः चालत आमच्याकडे यायला हवी. बंद गाडी आम्ही घेत नाही."

म्हणजे घरी थोरली मेलेली हवी होती आणि दुकानात जिवंत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या रात्री त्यांना अंगावर पांघरूण घेतलं तरी थंडी वाजत होती आणि काढलं तरी उकडत होतं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. धान्याच्या एका दुकानात वजन उलटं करून पाहिलं तर बुडाशी कोरून मेण भरलेलं. दुकानदाराने मान खाली घातली. "साहेब, एकदाच केलं. मोह झाला," तो म्हणाला. अशा वेळी वजनमाप्यांचं एक ठरलेलं भाषण असे. गिऱ्हाइकाचा विश्वास, डोळ्यांवर पट्टी बांधलेला न्याय, असं सगळं त्यात येई, आणि ते ऐकायला आजूबाजूचे दुकानदारही जमत. आजही जमले. वजनमाप्यांनी घसा साफ केला, पेन काढायला खिशात हात घातला, आणि हात तिथेच थांबला. हा आजचा शर्ट. कालचा शर्ट बाथरूममध्ये, धुण्याच्या बादलीशेजारी.

"पुन्हा करू नका," एवढंच ते म्हणाले. वजन जप्त केल्याची नोंद केली आणि भराभर चालू लागले. "काय माणूस आहे! एक शब्द टाकून बोलला नाही," दुकानदार मागे म्हणताना त्यांना ऐकू आला. तो टोमणा असता तर बरं झालं असतं.

घरी पोचतात तो थोरलीभोवती मेळा. मेकॅनिकला बोलावलेलं होतं. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून डोळे मिटून ऐके. बंद इंजिनातून काय ऐकू येतं ते त्याचं त्यालाच माहीत. त्याने निम्मं इंजिन चादरीवर मांडून ठेवलं होतं. फ्यूज बघणं त्याच्या लायकीचं काम नव्हतं. ते पोरंटोरं बघतात.

"आतून गेलीय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाला. "नातेवाइकांना सांगून ठेवा."

हेडसर पट्टा बांधून खुर्चीवर बसले होते. डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी. शाळेत त्याने बहुतेक काळ बाकावर उभं राहून काढला होता, आणि अजूनही सरांसमोर तो स्टुलावर बसत नव्हता. वजनमापे गर्दीतून वाट काढत जिन्याकडे निघाले, तेवढ्यात जिन्यातून बायको खाली आली. ओले हात, आणि तळहातावर निळा तुकडा.

"अहो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "हे तुमच्या शर्टाच्या खिशात निघालं. साबणात भिजवणारच होते. काय आहे हे?"

व्हिडिओवाले पुढे वाकले. हा व्हिडिओ त्यांनी पाहिलेला असावा. डॉक्टरने तुकड्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग वजनमाप्यांकडे, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"हा तर—"

"माझा आहे," हेडसर म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"माझ्या रेडिओचा आहे तो," हेडसर म्हणाले. आवाज तोच, प्रार्थनेच्या वेळी शाळा गप्प करणारा. "मीच यांना दिला होता, तसलाच दुसरा आणायला. आणि डॉक्टर, तू तोंड मिटून आधी तुझा पसारा आवर. ते नट चादरीवरून घरंगळताहेत."

"हो सर," डॉक्टर म्हणाला, आणि खाली बसला.

"मग घ्या सर," बायको म्हणाली आणि तुकडा तिने हेडसरांच्या हातात ठेवला. "बाई गं, धुतला गेला असता तर तुमचा रेडिओ बंद पडला असता."

जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात. वजनमाप्यांनी खाली बघितलं. फरशी होती, पक्की होती.

दिवेलागणीला ते हेडसरांच्या दाराशी उभे राहिले. दार उघडंच होतं. हेडसर कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले होते. शेजारी रेडिओ चालू होता. तो त्यांनी बंद केला.

"या. बसा. मला एक सांगा," हेडसर म्हणाले. "मी ते जे बोललो, ते जमलं होतं का? खरं वाटलं ना लोकांना?"

वजनमाप्यांनी मान हलवली.

"मला शंका होती. जन्मभर पोरांना खोटं बोलताना पकडलं, पण स्वतः बोलायची वेळ कधी आली नव्हती. काय हो, यानंतर घसा असा कोरडाच राहतो का?"

"राहतो सर," वजनमापे म्हणाले. "कालपासून माझाही आहे."

"हं." हेडसरांनी उशीखालून निळा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "का केलंत, ते मी विचारणार नाही. तुमचं तोंड बघवलं नाही म्हणून बोललो. पण एवढं एकदाच हं. माझी कंबर बरी होईल."

त्यांनी रागावावं, बाकावर उभं करावं, अशी वजनमाप्यांची फार इच्छा होती. हेडसरांनी फक्त कूस बदलली, आणि कळ आली म्हणून डोळे मिटून घेतले.

जिना चढताना वजनमाप्यांनी ठरवलं: आता रात्र होऊ द्यायची, फ्यूज बसवायचा, सकाळी थोरली सुरू. चमत्कार झाला म्हणायचं. नवी गाडी गेली खड्ड्यात. बायकोला कधी कळायचं कारण नाही. झाकली मूठ. हा विचार करून त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदा जरा हलकं वाटलं, आणि त्यांनी दार ढकललं.

बायको टेबलापाशी बसली होती. समोर नव्या गाडीचं चकचकीत माहितीपत्रक. ते त्यांनी कपाटात सदऱ्यांखाली लपवलं होतं. नक्की कधी सापडलं होतं कोण जाणे.

"घेऊ या ही," ती म्हणाली.

"अगं, काही घाई नाही—"

"नाही, घेऊ या. मला कळायला हवं होतं. तुम्ही कधीपासून सांगत होतात, आवाज वेगळा येतोय म्हणून. मीच ऐकलं नाही. चालतंय, चालतंय करत बसले." तिने माहितीपत्रकाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली, फाटक्या पुस्तकाची करते तशी. "माझ्या हट्टापायी सरांची कंबर गेली. या वयात. आज त्यांना सूप द्यायला गेले तर खुर्चीवरून उठवेना त्यांना. माझ्यामुळे झालं हो हे. मला रात्रभर झोप नाही."

वजनमापे उभेच होते. झाकलेली मूठ सदऱ्याच्या खिशात होती आणि त्या मुठीत तो तुकडा होता. नुसतं 'असू दे गं, तुझा काय दोष' म्हटलं असतं तरी भागलं असतं. नवी गाडी मिळाली असती, चमत्काराची गरज नव्हती, हेडसर बोलणार नव्हते. पण मेण भरलेलं वजन हलकं असतं. आणि हे जे बायकोने स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, ते चांगलं जड होतं, आणि तिचं नव्हतंच.

त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला.

"हा सरांच्या रेडिओचा ना?" ती म्हणाली.

"थोरलीचा. मी काढला होता. रविवारी, तू खाली यायच्या आधी."

तिला कळायला वेळ लागला. आधी तिने तुकड्याकडे पाहिलं, मग माहितीपत्रकाकडे. मग उठून तिने गॅस बंद केला, ज्यावर काहीच नव्हतं.

"मी ढकलत होते," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, आणि मी ढकलत होते."

"हो."

"आणि सर? ते खोटं बोलले?"

"माझ्यासाठी."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. ओरडली असती, भांडी आपटली असती, तर त्यांना कुठेतरी बसता आलं असतं.

"हवी होती तर 'हवी' म्हणायचं होतं," ती शेवटी म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! मग तुम्ही पुन्हा म्हणायचं. मी पुन्हा नाही म्हणायचं. चार दिवस तुम्ही तोंड पाडून बसायचं, आणि मग मीच म्हणाले असते की जाऊ दे, घ्या एकदाची. संसारात वस्तू अशाच येतात. शिलाईमशीन कसं आलं घरात? भांडूनच आलं ना?" तिचा आवाज घसरला. "मला वाईट कशाचं वाटतं सांगू? तुम्हाला ती नकोशी झाली, तर तिला आजारी पाडलंत. मीही तशी जुनीच झाले. मला नकोशी म्हणायच्या ऐवजी काय काढून ठेवणार आहात?"

रडू येत होतं, पण आपल्याच चोरीवर आपणच रडायचं हेही शोभेना. ते म्हणाले, "चुकलो." मग पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा म्हणू लागले तेव्हा ती म्हणाली, "पुरे. जा, ते लावून या."

सकाळी डॉक्टरने इंजिन जुळवलं. दोन नट उरले. ते आधीपासूनच जादाचे होते असं त्याने सांगितलं. वजनमाप्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या किल्लीला सुरू. अंगणात टाळ्या वाजल्या. डॉक्टर म्हणाला, हाताचा गुण आहे. व्हिडिओवाले म्हणाले, रात्री त्यांनी बॅटरीच्या तारा पुसल्या होत्या, त्याचा परिणाम. बॉनेटवर हात फिरवणाऱ्या बाई म्हणाल्या, सगळं मायेचं असतं. सेक्रेटरींनी चिठ्ठी मागे घेतल्याची चिठ्ठी दिली. वजनमापे प्रत्येकाचे आभार मानत होते, आणि बायको गॅलरीतून बघत होती.

नव्या गाडीचा विषय मिटला. "चालतेय ना?" एवढं ती म्हणाली, आणि चालत होतीच. हेडसरांना रोज कमरेच्या व्यायामासाठी न्यायचं काम वजनमाप्यांनी आपण होऊन घेतलं. पुढच्या सीटवर हेडसर, दोघेही समोर बघत, फारसं न बोलता. घरात बायको बोलत होती, पण हवेत बोलत होती. "ज्यांना चहा हवा असेल त्यांनी गाळून घ्यावा." वजनमापे गाळून घेत. हळूहळू ती त्यांच्याशी बोलू लागली, पण एक नवीन सवय लागली तिला. डोकं दुखतंय म्हटलं की ती थर्मामीटर आणे. पोट दुखतंय म्हटलं की कुठे ते बोट ठेवून दाखवायला लावी. कचेरीत उशीर झाला म्हटलं तर "हो का?" म्हणे, आणि त्या 'हो का'मध्ये तराजूचा काटा हलताना त्यांना दिसे. जन्मभर दुसऱ्यांची वजनं उलटी करून बघणाऱ्या माणसाचं बूड आता रोज घरी तपासलं जात होतं. ते मुकाट्याने उलटे होत. हक्क होता तिचा.

आणि मग एका भर दुपारी, कचेरीजवळच्या चढावर, थोरली खरोखर बंद पडली. आधी एक लांब कण्हणं, मग खाली काहीतरी तुटल्याचा आवाज, मग बॉनेटच्या फटींतून दाट पांढरा धूर. चढावरून ती उलटी घसरू लागली. लोकांनी धावत येऊन चाकांना दगड लावले. रस्त्यावर तेलाचा ओघळ उताराने निघाला. कुठलाही फ्यूज आता काही करू शकणार नव्हता.

वजनमापे उतरले. घरी फोन लावायच्या आधी त्यांनी तीनदा मनात वाक्य जुळवलं, आणि तिन्ही वेळा ते खोटंच वाटलं.

"अगं," ते म्हणाले, "थोरली बंद पडलीय."

पलीकडून 'हो का?' येईल म्हणून ते थांबलेच नाहीत.

"खरंच पडलीय गं. धूर येतोय. तेल सांडलंय रस्त्यावर. तू येऊन बघ हवं तर. इथे बरीच माणसं आहेत, त्यांना देऊ का फोन? हे एक गृहस्थ आहेत, यांनी दगड लावला चाकाला, हे सांगतील तुला. मी फोटो काढून पाठवतो. थांब, आत्ता पाठवतो."

"फोटो कशाला?" बायको म्हणाली.

"नाही, म्हणजे... तुझी खात्री व्हायला."

"तुम्ही म्हणताय ना, बंद पडली?"

"हो."

"मग पडली असेल," ती म्हणाली. "उन्हात उभे राहू नका. कडेला सावलीत बसा. मी टॅक्सी घेऊन येते."

फोन बंद झाला. वजनमापे तो कानालाच धरून उभे राहिले. दगड लावणारे गृहस्थ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय हो, घरून रागावले का?"

"नाही," वजनमापे म्हणाले, आणि कडेला सावलीत जाऊन बसले. "खरं मानलं."